पितळी परात

गव्हाची कापणी सुरू झाली त्याच आठवड्यात पश्चिमेचा वारा सुटला. न्यू साउथ वेल्समध्ये हा वारा भट्टीचं तोंड उघडल्यासारखा येतो. सकाळी लोंबी हिरवट दिसते, दुपारी ती वाजायला लागते आणि दुसऱ्या दिवशी हात लावला की दाणा मातीत. चौदा एकर गहू उभा होता आणि कापायला आम्ही दोघं, मी आणि फेलिम गॅरिटी.

आम्ही दोघंही सरकारी माणसं. कैदी हा शब्द आम्ही आपसात वापरत नव्हतो, तो वापरायला मालक होते. फेलिम आयर्लंडचा. त्याने एका दुकानातून फ्लॅनेलचा तागा उचलला होता. मी इंग्लंडातल्या डॉर्सेटचा, एनॉक स्टिकलंड. मी चर्चच्या कारभाऱ्याच्या बागेतून मधमाश्यांची टोपली चोरली. गवताची जाड वेणी वळून केलेली, पालथी ठेवायची टोपली, आत पोळं. तागा काय आणि टोपली काय, दोघांनाही सात वर्षं काळं पाणी झालं. जहाजातून उतरवल्यावर सरकारने आम्हाला क्रॅडॉक मालकाच्या हवाली केलं. मजुरी नाही. पीठ, खारवलेलं मांस, चहा आणि वर्षाला दोन सदरे.

नियम असा होता की सात वर्षांच्या माणसाने चार वर्षं एका मालकाकडे, नावावर एकही गुन्हा न चढता काढली, तर त्याला तिकीट मिळे. तिकीट मिळालं की तो कोणाकडेही मजुरीने काम करू शके आणि बायकोमुलांना आणवण्यासाठी अर्ज करू शके. माझी चार वर्षं एक डिसेंबरला भरत होती. मधे एकोणीस दिवस होते. हेस्टर, माझी बायको, गावच्या गरीबखान्यात पोटापुरत्या अन्नावर खडी फोडत होती आणि मुलगी जेमायमा तिच्याजवळ होती. मुलगी दहाची झाली की तिला कुठेतरी चाकरीला बांधून देणार, असं पत्र आलं होतं. जेमायमा आठ वर्षांची होती.

क्रॅडॉक शेतावर आला तेव्हा आम्ही बांधापासून तिसरी ओळ धरली होती. हा माणूस ब्रिस्टलला मेणबत्त्या विकायचा. गव्हातलं त्याला एवढंच कळे की पिवळा झाला की कापायचा.

"स्टिकलंड, एक तारखेला तिकीट म्हणे तुझं."

"होय मालक."

"आणि हा गहू?"

मी पेंढी बांधून खाली ठेवली. "जेवढा होईल तेवढा कापतो, मालक."

"एक तारखेपर्यंत निम्मा होईल. बाकीचा काय मी दातांनी कापू? तू राहशील कापणी संपेपर्यंत. चार वर्षं खाऊ घातलंय मी तुला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या दिवशी पाठ उन्हाने सोललेली होती आणि जिभेला चव नव्हती. मी म्हणालो, "नदीपलीकडे बोलणी झालीत, मालक. मजुरी देतायत. दोन तारखेपासून जायचंय."

क्रॅडॉकने एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. दाणे होते तेवढे खाल्ले. "बघू," म्हणाला आणि गेला.

तो कुंपणापर्यंत पोचला तसा फेलिम विळा रोवून उभा राहिला. "सांगायची काय गरज होती, गाढवा?"

"विचारलं त्याने."

"विचारलं म्हणून सांगायचं? तुला चोर कोणी केलं रे? इतका सरळ माणूस फटके खायलाच जन्माला येतो. दोन तारखेला सकाळी टोपी घालायची आणि चालू लागायचं. आता तो एकोणीस दिवस तुझ्यात खोट शोधत बसेल."

"खोट काढायला मी काही करणारच नाही."

"तू नको करू. तो करेल," फेलिम म्हणाला आणि पुन्हा वाकला.

मालकीणबाईंकडे मधमाश्या होत्या. नदीच्या आमच्या काठावर तेव्हा दुसऱ्या कोणाकडेही नव्हत्या. बाईंनी सिडनीहून बैलगाडीतून, ओल्या फडक्यात गुंडाळून ती टोपली आणवली होती आणि स्वयंपाकघरामागे फळीवर ठेवली होती. मी कशासाठी आलो हे त्यांना माझ्या कागदावरून कळलं, त्या दिवसापासून टोपली माझ्याकडे आली. स्वयंपाकघराचा उंबरा मला ओलांडू देत नसत. चमच्यांच्या कपाटाची किल्ली कमरेला बांधून फिरत. पण टोपलीत मात्र माझे उघडे हात चालत.

"ह्या टिकतील ना रे?" त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"नाणी देऊन घेतल्यात का, बाई?"

"मग काय देऊन घेणार?"

"आमच्याकडे माश्या नाण्यांनी घेत नाहीत. धान्य देतात, नाहीतर डुकराचं पिल्लू. नाण्यांच्या माश्या रुसतात."

"आणि चोरलेल्या?"

"चोरलेल्या त्याहून वाईट. माझ्या आठ दिवसांत मेल्या."

त्या हसल्या. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. मग मी म्हणालो, घरात भांडण, शिवीगाळ असली तरी त्या राहत नाहीत. बाईंनी घराकडे पाहिलं. आत क्रॅडॉक बुटांवरून ओरडत होता. "मग या घरात त्या कशाला राहतील," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पण राहिल्या. टोपली भरली. आणि त्या गुरुवारी, वाऱ्याच्या चौथ्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना मोहोळ उठलं.

मी फार तर दोनशे पावलांवर कापत होतो. आधी आवाज आला. तो आवाज ज्याने लहानपणी ऐकलाय त्याचा हात आपोआप थांबतो. मान वर केली तर घरावर धुरासारखा तपकिरी गोळा फिरत होता, पसरत होता, परत जमत होता. बाई परकर सावरत गव्हातूनच धावत आल्या. एका हातात मुरंबा करायची पितळी परात, दुसऱ्या हातात कोठाराची लोखंडी किल्ली.

"स्टिकलंड! गेल्या! धाव!"

"बाई, माझ्याकडे पास नाही. कुंपणाबाहेर गेल्या तर—"

"मी सांगतेय ना! जा त्यांच्यामागे! जा!" आणि परात माझ्या छातीवर आदळली.

फेलिम चार हातांवर होता. त्याने सगळं ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

मी किल्लीने परात वाजवायला लागलो आणि धावलो.

आमच्या गावी कायदा असा की मोहोळ उठलं तर मालकाने थाळी वाजवत मागे जायचं. परात वाजत असेतो माश्या त्याच्या. कोणाच्या बागेत जा, शेतात जा, पाद्र्याचं फाटक ओलांडा, कोणी अडवत नाही. वाजवणं थांबलं किंवा माश्या नजरेआड झाल्या, तर ज्याच्या झाडावर बसल्या त्याच्या. मी सहा वर्षांचा असल्यापासून वडिलांमागे असा धावलो होतो. एकदा तर आम्ही जमीनदाराच्या जेवणाच्या खोलीसमोरच्या हिरवळीतून गेलो होतो. त्याने खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागला.

ओढा ओलांडला. पुढे कुंपण होतं. पलीकडची जमीन कॅप्टन लॉडरची. लॉडर आमच्या भागाचा मॅजिस्ट्रेट. कोणत्याही मालकाला आपल्या सरकारी माणसाला फटके मारायचे असले तर त्याला लॉडरकडे पाठवावं लागे.

मी कुंपणापाशी थांबलो. पंधरा दिवस, मी मनात म्हटलं. मोहोळ पलीकडे निलगिरीच्या शेंड्यांवरून चाललं होतं, अजून दिसत होतं. माझा हात परात वाजवतच होता, तो थांबला नव्हता. परात वाजत असताना कोणी अडवत नाही, एवढंच डोक्यात होतं. तो कायदा कुठला, कुठल्या देशातला, हे मी पाहिलं नाही. मी पाय टाकला.

मोहोळ लॉडरच्या घराजवळ एका बुटक्या झाडावर बसलं. दाढीसारखं लोंबत होतं. मी खाली उभा राहून हळूहळू वाजवत राहिलो. तेवढ्यात डगल आला. डगल लॉडरचा मुकादम, स्वतः कधीकाळी मेंढी चोरून आलेला.

"कोणाचा तू?"

"क्रॅडॉकचा."

"पास?"

"मोहोळामागे आलोय. माश्या आमच्या बाईंच्या. वाजवत आलोय सगळी वाट, थांबलो नाही."

डगल हसायला लागला. त्याने मागे वळून कोणाला तरी हाक मारली. "अरे या, या! हा बघा, बँड घेऊन पळाला!" मग त्याने माझ्या हातातली परात काढून घेतली आणि परातीनेच माझ्या कानशिलात मारली. किल्ली गवतात पडली. ती मी उचलून खिशात टाकली. का ते माहीत नाही. बाईंची वस्तू होती.

कॅप्टन लॉडर व्हरांड्यातून उतरून आला. उंच माणूस, एक पाय ओढत चालायचा. मागे खिडकीत त्याची बायको उभी होती.

"माश्या उतरवता येतात तुला?"

"येतात, साहेब. पण त्या आमच्या बाईंच्या आहेत."

"ते शनिवारी ठरेल. आधी उतरवून दे, मग कोठडीत जा."

त्यांनी चहाची रिकामी पेटी आणली आणि एक चादर. मी वाईट काम करू शकलो असतो. राणी मेली असती, मोहोळ विस्कटलं असतं. पण ते माझ्या हातून होत नाही. चादर पसरली, पेटी तिरकी ठेवली, फांदी दोन्ही हातांनी धरली आणि एक झटका दिला. मोहोळ ओल्या कणकेच्या गोळ्यासारखं खाली पडलं. सात-आठ चावल्या. मग त्या पेटीच्या अंधारात चालत गेल्या, रांगेने, मेंढ्या जातात तशा. खिडकीत बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"छान," लॉडर म्हणाला. "डगल, घे याला."

कोठडी म्हणजे ओंडक्यांची खोली. उभं राहिलं तर डोकं टेकतं, झोपलं तर पाय. तिथे मी शनिवारपर्यंत होतो. दिवसभर फटींमधून गरम वारा यायचा आणि मी मनातल्या मनात गहू मोजायचो, किती लोंब्या गळल्या असतील.

शनिवारी लॉडर व्हरांड्यात टेबल मांडून बसला. क्रॅडॉक आला, बरोबर फेलिम, आणि बाई. बाईंनी रविवारची टोपी घातली होती. मांडीवर गवताची नवी टोपली होती, आतून मधाचं बोट फिरवलेली, वर धुतलेलं फडकं. त्या माश्या घरी न्यायला आल्या होत्या. ते पाहून माझा जीव जरा भांड्यात पडला. वाटलं, आता ठीक आहे.

क्रॅडॉकने तक्रार सांगितली. काम सोडून गेला. पास नव्हता. दुसऱ्याच्या जमिनीत सापडला.

"काय म्हणायचंय?" लॉडरने मला विचारलं.

"बाईंनी पाठवलं, साहेब. परात त्यांनीच दिली. मी पासाचं विचारलं होतं."

"कोणी ऐकलं?"

"फेलिमने. चार हातांवर होता."

लॉडरने फेलिमकडे बोट केलं. फेलिम टोपी चुरगळत होता. त्याने क्रॅडॉककडे पाहिलं नाही आणि माझ्याकडेही पाहिलं नाही. "मी खाली वाकलेलो होतो, साहेब. वारा फार होता. काही ऐकू आलं नाही."

मला वाटतं, तोंडातून एक शब्द गेला माझ्या. डगलने मागून पाठीत गुडघा मारला.

लॉडर बाईंकडे वळला. खुर्चीत जरा पुढे झाला, आवाज मऊ केला. "मिसेस क्रॅडॉक, गोष्ट सोपी आहे. तुम्ही या माणसाला पाठवलं असेल तर तो तुमच्या कामावर होता, आणि माश्या तुमच्या. आत्ता पेटी घेऊन जा. पाठवलं नसेल, तर हा पळालेला माणूस आणि माश्या माझ्या झाडावर बसलेल्या, म्हणजे माझ्या. तेव्हा सांगा."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. क्रॅडॉक बाहेर पाहत होता, आमच्या शेताच्या दिशेला. "लेटिस," तो म्हणाला, "त्या दिवशी उष्मा फार होता. तुझं डोकं दुखत होतं. दोन माणसांवर चौदा एकर उभा आहे. आठवून सांग."

पेटी पायरीशेजारी, सावलीत होती. माश्या आत-बाहेर करत होत्या. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरच्या रिकाम्या टोपलीत पाहिलं, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"आठवत नाही."

पंचवीस फटके आणि तिकीट एक वर्ष पुढे. लॉडरने लिहून घेतलं आणि डगलने मला बाहीला धरलं.

तेव्हा क्रॅडॉक उठला. "साहेब, एक विनंती होती. फटक्यांनंतर हा आठवडाभर वाकणार नाही. आणि वारा तर बघताच आहात."

लॉडर हसला. "मग?"

"कापणीनंतर."

"कापणीनंतर," लॉडर म्हणाला आणि कागदावर तेही लिहिलं.

घरी जाताना बाई गाडीत मालकाशेजारी बसल्या होत्या, टोपली मांडीवर. मी आणि फेलिम गाडीमागे चालत होतो, धुळीत. परात लॉडरकडेच राहिली.

अर्ध्या वाटेवर फेलिम म्हणाला, "माझी दोन वर्षं राहिलीत."

"माहीत आहे."

"तू असतास तर?"

"मी नव्हतो," मी म्हणालो. त्यानंतर चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शेजारी-शेजारी कापत होतो, एकाची पेंढी दुसऱ्याच्या पायाला लागत होती, तरी नाही.

पाचव्या दिवशी तोच बोलला. "सावकाश काप, मूर्खा. शेवटची पेंढी बांधलीस की तुझी पाठ उघडी. त्या झाडाखाली जरा विसावा घे. विळ्याला धार नाही म्हण."

त्याचं खरं होतं. मी सावकाश कापायचं ठरवलं आणि एक ओळ तशी कापलीही. पण गहू पिकून गळत होता. मुठीत धरला की दाणे बुटात पडायचे. माझा हात आपल्या वेगानेच जायचा, खांद्यापासून मनगटापर्यंत तो माझं ऐकत नव्हता. पंचवीस वर्षं त्या हाताने हेच केलं होतं. संध्याकाळी क्रॅडॉक यायचा, उभं पीक पाहायचा आणि म्हणायचा, "वा, स्टिकलंड. वा." त्याच्या ते पथ्यावर पडत होतं.

एक डिसेंबर आला तेव्हा मी ओढ्याकडचा तुकडा कापत होतो. त्या दिवशी काही वेगळं झालं नाही. दुपारी खारं मांस होतं, त्यात चरबीच जास्त. नदीपलीकडच्या माणसाने दुसरा मजूर ठेवला, असं कोणीतरी सांगितलं.

हेस्टरला कळवायला हवं होतं. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. फेलिमला येत होतं. मी दोन दिवस टाळलं. मग एका रविवारी झोपडीबाहेर बसून तो सदरा शिवत होता, त्याच्यासमोर जाऊन कागद ठेवला.

"लिही."

त्याने सुई सदऱ्यात टोचून ठेवली. "काय लिहू?"

"लिही, पीक चांगलं आलंय."

"बरं."

"लिही, मी बरा आहे. तिकिटाला थोडा उशीर आहे."

"का उशीर आहे ते?"

"ते तुला लिहिता येईल का?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली आणि लिहिलं, तिकिटाला थोडा उशीर आहे. पुढच्या हिवाळ्यात मी अक्षरं शिकायला लागलो. त्रेचाळीस वर्षांचा होतो. त्याच्याकडून शिकलो नाही.

बाईंची जुनी टोपली अजून फळीवर होती. मोहोळ उठलं तरी निम्म्या माश्या मागे राहतात, त्यांची नवी राणी तयार होते. पण त्यांच्याकडे बघावं लागतं. एके दिवशी पाणी प्यायला मी मागच्या अंगणात गेलो तेव्हा बाई टोपलीपाशी उभ्या होत्या, तोंडाला फडकं बांधून.

"यांचा आवाज येत नाही रे नीट. खालून जाळ्यासारखं काही दिसतंय. बघ जरा."

मला जागेवरूनच कळलं. पतंगाची अळी लागली होती. टोपली उचलून, खराब पोळं कापून काढलं असतं तर वाचल्या असत्या. अर्ध्या तासाचं काम.

"मालकांकडून चिठ्ठी आणा, बाई," मी म्हणालो. "स्टिकलंडने टोपलीला हात लावावा, अशी. मग लावतो."

त्यांनी फडकं खाली ओढलं. ओठ हलले. मला वाटलं, आता नवऱ्याला हाक मारतील, उद्धटपणाचे आणखी पंचवीस चढतील. पण त्यांनी हाक मारली नाही. मी डबा भरला आणि शेतावर गेलो. चिठ्ठी आली नाही. माश्या महिनाअखेर मेल्या. त्यांचा काही दोष नव्हता. ते मला आजही आठवतं.

अकरा डिसेंबरला शेवटची पेंढी बांधली. आमच्या गावी शेवटच्या पेंढीला फीत बांधतात, ओरडतात, पितात. इथे फेलिमने ती बाकीच्या पेंढ्यांवर फेकली आणि शिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रॅडॉकने मला एक चिठ्ठी दिली आणि एक पास. चिठ्ठी लॉडरसाठी, पास माझ्यासाठी. "डगलकडून आपली परातही घेऊन ये," तो म्हणाला. "बाई विचारतायत."

एकटाच गेलो. तशीच पद्धत होती. फटके खाणारा आपल्या पायांनी जाई, आपली चिठ्ठी आपणच नेई. ओढा ओलांडला. कुंपणाच्या त्याच जागी आलो. त्या दिवशी पाय टाकला होता तिथलं गवत अजून थोडं दबलेलं होतं, की मला तसं वाटलं. चार वर्षांत ते कुंपण ओलांडायला मिळालेला माझा तो पहिला पास होता. मी फाटकाकडून गेलो. डगलने पास पाहिला, फाटक उघडलं.

लॉडरच्या बागेत चहाची पेटी विटांवर ठेवली होती, वर कौल. माश्या जोरात होत्या. पायांना पिवळं माखलेलं, जड होऊन उतरत होत्या.

फटक्यांचं सांगण्यासारखं काही नाही. ज्यांनी खाल्लेत त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून कळत नाही. मी बारापर्यंत आकडे ऐकले. मग खारं पाणी ओतलं, सदरा अंगावर टाकला. डगलने परात आणून माझ्या हातात दिली. त्याच्या कोंबड्या तीतून पाणी पीत होत्या, काठाला शेण लागलं होतं.

"वाजवत जा," तो म्हणाला.

परतायला दुपार टळली. वाटेत ओढ्यात मी परात धुतली. वाकता येत नव्हतं म्हणून पाण्यात गुडघ्यांवर बसून, वाळूने घासून धुतली. का, ते मला सांगता येत नाही.

बाई मागच्या दारात होत्या. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. खिशातून आधी किल्ली काढून दिली. महिनाभर ती माझ्याकडेच होती आणि त्यांनी एकदाही मागितली नव्हती. मागायची तर मला ती कोणी दिली, हे आठवावं लागलं असतं. मग परात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली, तळावरून अंगठा नेला.

"हा पोचा आधी नव्हता."

"नव्हता, बाई."

"कधी पडला?"

सदरा पाठीला चिकटला होता आणि ओला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहण्याची ही पहिलीच वेळ असावी. डोळे फिके होते, कडेला लाल.

"तुम्हाला आठवत असेल, बाई," मी म्हणालो.

त्यांचा अंगठा त्या पोच्यावर थांबला. मग परात छातीशी धरून त्या आत गेल्या. चमच्यांचं कपाट उघडल्याचा आवाज आला, त्यात काहीतरी आदळून बसल्याचा आणि कुलूप लागल्याचा.

पुढच्या दारातून क्रॅडॉकने हाक दिली. "आला का तो? सांग त्याला, उद्यापासून मळणी आहे."

मळणीची काठी डोक्यावर उचलून मारावी लागते. दिवसभर.